नाक्यावरचा नमस्कार

फोन वाजला तेव्हा सुकी ईको गाडीच्या टपावर कांद्याचं पोतं आवळून बांधत होती. वाजला म्हणजे काय, नुसतं टुण्ण झालं. पण तो फोन लक्ष्याचा, तिच्या नवऱ्याचा, आणि साखरेच्या आजारानं डोळे नेल्यापासून लक्ष्याच्या फोनवर कोणाचं काही येत नसे. गाडी त्याच्या नावावर, नंबर त्याचा, म्हणून फोन आपला गाडीतच पडलेला असायचा, काचेखाली, महालक्ष्मीच्या तसबिरीपाशी. तिनं वरूनच शेजारच्या गाडीतल्या मिथुनला सांगितलं, बघ रे काय आलाय. मिथुन म्हणजे स्टॅंडवरचा सगळ्यात नवा डायव्हर, तोंडात सतत बडीशेप, आणि स्टॅंडवर आलेलं इंग्रजी सगळं तोच वाचून द्यायचा. त्यानं फोन घेतला, अंगठा वरखाली केला आणि खो खो हसत सुटला. हसता हसता ठसका लागला त्याला. "मावशी, चालान आलाय तुझा," तो म्हणाला. "सिग्नल तोडलास. आनि वर कॅमेऱ्याला नमस्कार केलास."

सुकी खाली उतरली, पदराला हात पुसले आणि फोन डोळ्यांजवळ धरला. फोटो चांगला स्वच्छ होता. तिचीच गाडी, पांढरी, काचेवर लाल अक्षरात देवीचं नाव. पुढचं चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे गेलेलं. वर कोपऱ्यात लाल दिवा, कुंकवाच्या टिकलीएवढा. आणि काचेमागे ती. दोन्ही हात जोडून कपाळाला लावलेले, डोळे गच्च मिटलेले, स्टेअरिंग आपलं मोकळं. तोवर चिंचेखालचा सगळा स्टॅंड गोळा झालाच होता. आमच्याकडे एका गाडीचं चाक बसलं तरी दहा माणसं जमतात, इथे तर बाईमाणसाचा फोटो होता. कोणी म्हणालं, कॅमेऱ्याला वाटला असेल देवीच पावली. कोणी म्हणालं, दंड माफ करा म्हणून आधीच हात जोडलेत. सुकीही हसली, न हसून करते काय. पण मनातून ती ओशाळली होती. आणि त्याच वेळी, त्या ओशाळण्याच्या अगदी शेजारीच, दुसरंही काहीतरी वर उसळलं होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते तिला त्या घडीला सुचलं नाही. तिनं फोन पदराखाली घेतला आणि गाडीत बसली. सीटा भरल्या होत्या. तलासरीचा बाजार होता.

गाडी सुरू केली, तरी डोळ्यांपुढून फोटो हलेना. तिला कळेना की शरमायचं असताना आपण त्या फोटोतल्या बाईच्या हातांकडेच का बघतोय. आणि मग मागच्या सीटवरच्या म्हातारीनं खांद्यावर टोचून विचारलं, डायवर कंदी येल? गाडी चालत होती, बरं का. सुकीच्या हातात स्टेअरिंग होतं, पायाखाली क्लच होता, आणि म्हातारी विचारत होती डायवर कधी येईल. असं तिला नेहमीचंच होतं. कोणी खिडकीतून डोकावून तिच्याकडे बघूनच विचारायचं, गाडीवाला कुठं गेला? हायवेला कधी पोलिसानं हात केला तर तो वाकून तिच्या पलीकडे बघायचा, जणू ती म्हणजे सीटवर ठेवलेलं गाठोडं, आणि म्हणायचा, मालक कुठाय, लायसन कोणाचं, चालवतं कोण. लायसन दाखवलं की त्याच्यावरचा तो भेदरलेला चेहरा आणि समोरचा चेहरा ताडून बघायचा. आख्ख्या जन्मात तिचे फोटो तरी किती. लग्नात एक, त्यात मुंडावळ्याच जास्त. लायसनवर एक. लेकीच्या, योगिताच्या, शाळेतल्या कार्यक्रमात अर्धा, कोणाच्या तरी डोक्यामागे. गाडी चालवतानाचा एकही नव्हता. आणि आज आला होता. त्या खांबानं विचारलं नव्हतं मालक कुठाय. त्यानं फक्त बघितलं होतं की गाडी कोण चालवतंय, आणि जे दिसलं ते काढून घरी पाठवलं होतं. मघाशी आतून वर उसळलं होतं ते हेच, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. चालान आलंय बाई तुला, ती मनात म्हणाली, मिरवतेस कसली.

तो कॅमेरा आल्यापासून स्टॅंडवर दुसरा विषय नव्हता. सायवनकडून येणारा रस्ता हायवेला मिळतो तो नाका पूर्वीचा म्हणजे माणसं खाणारा. गुजरातकडून सुटलेले ट्रक थांबायचं नाव घेत नसत. मग दिवे आले, आणि दिव्यांच्या मागोमाग तो राखाडी खांब, वर दोन डोळे लावलेला. शुक्राकाका, स्टॅंडचा सगळ्यात जुना माणूस, पहिल्या दिवसापासून त्या खांबावर खार खाऊन होता. त्याचं म्हणणं, माणूस उभा असला तर त्याच्याशी बोलता येतं. घरी आजारी हाय, पोर अडलीय, चुकला माकला, असं सांगता येतं. खांबाला काय सांगशील, खांबाच्या पाया पडशील? मिथुनचं म्हणणं वेगळं, तो नंबरच्या पाटीवर चिखल फासायचा आणि वरून म्हणायचा, आपला रस्ताच कच्चा, काय करणार. देवेश समुद्राकडच्या वाडीवाल्यांचा पोरगा, पिकअपमध्ये चिकूच्या पेट्या भरून तलासरीला जाता जाता चिंचेखाली चहाला थांबायचा. तो म्हणायचा, हा फक्त फोटो काढतो, कारण विचारत नाही, तिथेच सगळी बोंब आहे. सगळे माना हलवायचे. सुकी तेव्हाही गप्पच असायची. कारण विचारणारे तिनं भरपूर बघितले होते. कारण विचारणाऱ्यानं तिच्या तोंडून कारण कधी ऐकून घेतलं होतं? खांब बरा, असं तिला वाटायचं, पण स्टॅंडवर असलं बोलायची सोय नव्हती.

आणि आता तर पहिली गाडीच गेली. पहिली गाडी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगायला हवं. चैत्री पुनवेला विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा बसते. त्या दिवशी स्टॅंडवरच्या सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूची तोरणं लावून, ओळीनं देवीला जातात. ओळीतली पहिली गाडी कोणाची, हे असंच ठरत नाही. वर्षभर ज्या गाडीवर डाग नाही, ना ठोकाठोक, ना पॅसेंजरशी भांडण, ना पोलिसाचा कागद, ती गाडी पुढे. आणि ठरवणार कोण, तर पहिल्या गाडीचा जो मानकरी सगळ्यात अलीकडे स्टेअरिंग सोडून घरी बसलाय तो. तो पहाटे येतो आणि ज्याची गाडी त्याच्या हातात नारळ देतो. पंचायत नाही, चिठ्ठी नाही, भांडण नाही. लक्ष्या कित्येक वर्षं पहिल्या गाडीचा होता. डोळे गेले तेव्हा नारळ द्यायचा मान त्याच्याकडे आला, आणि आजवर नारळ त्यानं इमानानं शुक्राकाकाच्या हातात दिला होता. यंदा मात्र सगळा स्टॅंड म्हणत होता की आता सुकीचीच. शुक्राकाका स्वतः म्हणाला होता. बाईची गाडी पुढे, असं कधी झालं नव्हतं. सुकीनं तोंडानं एक शब्द काढला नव्हता, पण गेल्या काही दिवसांत ती गाडी जरा जास्तच पुसत होती.

पुढच्या फेरीला तिनं मुद्दाम त्या नाक्यावर लक्ष देऊन गाडी आणली. आणि तेव्हा तिला कळलं की हे कसं झालं. वळण संपतं, रस्ता जरा चढतो, आणि खांबाच्या बरोबर मागे महालक्ष्मीच्या गडाचा सुळका उभा राहतो, उघडा, काळा, शेंड्यावर निशाणाची काठी. तो दिसला की हात उठतात. तिनं ठरवून स्टेअरिंग घट्ट धरलं होतं, तरी तिला मनगटांत ती उचल जाणवली, जशी झोप आली की मान खाली पडते तशी. दिवा हिरवा होता म्हणून निभावलं. हे हात कोणाचे? हे तिचे नव्हतेच मुळी. नवी नवरी होऊन ती लक्ष्याच्या जीपमध्ये पुढे बसली होती, मागे वऱ्हाड कोंबलेलं, पितळी भांडी खडखडत होती. ह्याच वळणावर लक्ष्यानं सुळका दिसताच दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले, कपाळाला लावले, डोळे मिटले. जीप आपली चाललीच होती. तिनं दांडा पकडला आणि त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकी बिनधास्त शांती होती की तिची भीती पळाली आणि तिला वाटलं, आपला नवरा म्हणजे कोणीतरी आहे. पुढे पुष्कळ वर्षांनी, भात कापून झालेल्या मोकळ्या शेतात त्यानं तिला गाडी शिकवली, तेव्हा क्लच कसा सोडायचा, आरसा कसा बघायचा, सगळं ओरडून ओरडून शिकवलं. पण नमस्कार त्यानं शिकवला नव्हता. तो तिनं बघून घेतला होता, आणि तेवढाच सगळ्यात पक्का बसला होता.

लक्ष्या आता बाजूच्या सीटवर बसतो. डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं, पण गाडीत बसला की त्याचा उजवा पाय कामाला लागतो. वळण आलं, कोणी आडवं आलं, हायवेला लागलो, की धप्प, त्याचा पाय पत्र्यावर आपटतो, जिथे ब्रेक नाही तिथे तो ब्रेक दाबतो. सुकीनं आधीच दाबलेला असतो, तरी. पहिल्यांदा तिला हसू आलं, मग कीव आली, आणि आताशा तो धप्प ऐकला की तिच्या पाठीतून एक तिडीक जायची. तो काही म्हणत नसे. सुकीच्या चालवण्याला त्यानं कधी नावं ठेवली नाहीत, बरंही म्हटलं नाही. जे काय म्हणायचं ते त्याचा पाय म्हणायचा. अजून डायवर तू नाहीस, असं.

संध्याकाळी ती पाड्यावर पोचली तेव्हा लक्ष्या ओट्यावर बसला होता, गाडीच्या आवाजाकडे तोंड करून. योगिता आत भाकऱ्या थापत होती. सुकीनं चपला काढल्या, पाणी प्याली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की चालान आलाय, सिग्नलचा. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरं. लक्ष्याचा उजवा पाय शेणानं सारवलेल्या जमिनीवर दाबला गेला, तो तिला दिसला.

"लाल होता?" त्यानं विचारलं.

"लाल होता."

"मंग तुला दिसला कसा नाय?"

"डोळे मिटलेले होते. गड आला म्हनून."

"हात?"

"सोडलेले."

लक्ष्याचा आवाज चढला. पाड्यावर शेजारी ऐकतील इतका. इतकी वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही, एक कागद नाही, आणि तू माझ्या नावावर डाग आणलास, असं तो म्हणाला. हायवेला गाडी असताना हात कोण सोडतो, डोळे कोण मिटतो, शिकवलंय का कोणी असं? सुकीला उत्तर द्यायचं नव्हतं. आंधळ्या माणसाला काय उत्तर द्यायचं. पण दिवसभर मनात बसलेलं ते आपोआप बाहेर आलं.

"तू सोडायचास," ती म्हणाली.

योगिता भाकरी थापायची थांबली. बकऱ्या आपापल्या आत जात होत्या, त्यांच्या खुरांचा आवाज तेवढा. लक्ष्या त्या रात्री जेवला, पण कमी जेवला. सुकीला वाटलं आपण काहीतरी ओढून घेतलं त्याच्या हातातून. डोळे गेले, जीप विकली, स्टॅंडवरचं उठणंबसणं गेलं, उरला होता तो एकच बिनडागाचा रुबाब. तोच आपण दोन शब्दांत संपवला. आणि तरी, कुशीवर वळली की तिला वाटायचं, खोटं तर बोलले नाही.

पुढचे दिवस तसेच गेले. लक्ष्या तिच्याशी मीठ दे, पाणी दे एवढंच बोलायचा. स्टॅंडवर कोणी पहिल्या गाडीचं नाव काढेना, म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच होतं. देवेशनं चहा पिता पिता मोठ्या मनानं सांगितलं, मावशी, भरू नको, मी मोबाईलवरून हरकत लिहून देतो, मागून ट्रकनं हॉर्नवर हॉर्न मारला म्हणून गाडी पुढे घेतली असं, सगळे असंच लिहितात. सुकी म्हणाली, ट्रक नव्हता. तो म्हणाला, कोण बघायला बसलंय. सुकीला तो म्हणतो ते चांगल्या मनानं हे कळत होतं. पण तिला त्या फोटोतल्या बाईची काळजी वाटली. ट्रकनं ढकलली असं लिहिलं, की ती बाई ढकललेली होणार. आजवर ती ढकललीच गेली होती, ह्या घरातून त्या घरात, ह्या कामावरून त्या कामावर, मागच्या सीटवरून पुढच्या सीटवरसुद्धा नवऱ्याचे डोळे गेले म्हणून. आणि आता एक गोष्ट तिनं स्वतःच्या हातापायानं केली होती, चुकीची का असेना, ती पण ट्रकच्या नावावर मांडायची? "फोटोत मी दिसते ना," ती देवेशला म्हणाली. "मंग मीच केला." आणि तलासरीला जाऊन दंड भरून आली.

येताना झेरॉक्सच्या दुकानात थांबली. योगिता बरोबर होती. योगिताला आधी वाटलं आई कसलं तरी कार्ड काढतेय, पण आईनं फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, हा मोठा करून द्या, रंगीत. दुकानदारानं फोटो बघितला, सुकीकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं. चालान आहे हे, तो म्हणाला. सुकी म्हणाली, माहीत हाय. तो कागद तिनं प्लास्टिकमध्ये घालून गाडीत लावला, महालक्ष्मीच्या तसबिरीच्या बरोबर खाली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. लोक दंडाचा मेसेज बायकोपासूनही लपवतात, हिनं चारचौघांत चिकटवला. योगिता पहिल्यांदा लाजून चूर झाली, म्हणाली, आई, लोक हसतील. मग ती जरा वेळ फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, तशी तू छान दिसतेस यात. सुकीनं गाडी सुरू केली. पॅसेंजर चढले. त्या दिवशी कोणी विचारलं नाही डायवर कधी येईल. फोटोत दिसतच होता.

आणि गंमत बघा. तो कागद लागला आणि स्टॅंडवरच्या लोकांची जीभ मोकळी झाली. मिथुन एकदा तिच्या गाडीशी येऊन उभा राहिला, बडीशेप चघळत, आणि हळूच म्हणाला, मावशी, माझेपन आलेत. पाटीवरचा चिखल एका पावसात धुऊन निघाला होता, आणि कॅमेऱ्यानं मागचं पुढचं सगळं वसूल केलं होतं. मग दुसरा बोलला. मग तिसरा. फोटो निघाले, एकमेकांना दाखवले गेले. कोणाचा एक हात कपाळाला, कोणी मान खाली घातलेली, कोणी छातीला हात लावलेला. सगळ्या गाड्या त्याच वळणावर, त्याच खांबाखाली, पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे. शेवटी शुक्राकाकानं बनियनच्या खिशातून फोन काढला. आजवर खांबाला सगळ्यात जास्त शिव्या त्यानंच दिल्या होत्या. त्याच्या फोटोत तो टोपी काढून, डोळे मिटून बसला होता. कोणी हसलं नाही. मग एकाला राहवलं नाही, तो हसला, आणि मग चिंचेखाली अशी काही हसण्याची लाट आली की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. शुक्राकाका डोळे पुसत म्हणाला, आता पुनवेला पुढे कोणाची गाडी घालायची, इथे तर सगळाच कळप दागी. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जत्रा चार पावलांवर आली होती, आणि नारळ लक्ष्याच्या हातात होता. लक्ष्या काय करणार ते सुकीला माहीत नव्हतं. तिनं विचारलंही नाही. मागून घेतलेल्या मानाला ती हात लावणार नव्हती.

पुनवेला पहाटे उजाडतानाच सगळ्या गाड्या चिंचेखाली लागल्या. झेंडूचा आणि ओल्या रबराचा वास. ढोलवाले आले होते. योगिताचा हात धरून लक्ष्या आला, धुतलेला सदरा, बगलेत नारळ. ओळीच्या टोकाला आल्यावर त्यानं लेकीचा हात सोडला आणि एकेका बॉनेटवर तळवा ठेवत पुढे चालू लागला. सुकी आपल्या गाडीत बसून होती, खाली उतरली नव्हती. टोकाच्या गाडीवर हात फिरवून लक्ष्या म्हणाला, ही शुक्राची, बॉनेट अजून ठोकून घेतला नाय. दुसरीपाशी त्यानं वाकून नंबरच्या पाटीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, मिथुन, देवाच्या दारी तरी पाटी धू रे. लोक हसले. मिथुन कमरेचा रुमाल काढून पाटी पुसायला लागला. असं करत करत लक्ष्या आपल्या गाडीशी आला. ह्या बॉनेटवर त्यानं दोन्ही हात ठेवले. बराच वेळ ठेवले. शुक्राकाकानं घसा खाकरला आणि अडखळत म्हणाला की लक्ष्या, रीत तर बिनडागाच्या गाडीची हाय.

"बिनडागाची पाहिजे तर नारळ घरी नेतो परत," लक्ष्या म्हणाला. "या नाक्यावर मी जलमभर हात सोडले. तेवा खांब नव्हता, म्हनून मी बिनडागाचा."

ढोलवाल्यानं काठी ढोलावर टेकवून धरली होती. हा माणूस आपला रुबाब आपल्या हातानं उतरवून सगळ्यांसमोर ठेवतोय, हे सुकीला दिसत होतं, आणि तिला धावत जाऊन त्याचं तोंड दाबावंसं वाटलं, आणि त्याच वेळी, जीपमध्ये पहिल्या दिवशी वाटलं होतं तसंच वाटलं, की आपला नवरा म्हणजे कोणीतरी आहे. लक्ष्या चाचपडत तिच्या खिडकीशी आला. आत तोंड घालून त्यानं विचारलं, "ही गाडी कोन चालवतो?"

"मी," सुकी म्हणाली.

"मंग धर."

नारळ जड होता, ओला होता. तो तिनं तसबिरीपाशी ठेवला, फोटोच्या समोर. ढोल सुरू झाला. लक्ष्या वळसा घालून आला आणि शेजारच्या सीटवर बसला, नेहमीसारखा. सुकीनं गाडी काढली, आणि तिच्या मागे एकेक करून सगळा स्टॅंड निघाला. आरशात तोरणंच तोरणं दिसत होती. तिची मान आपोआप ताठ झाली होती. तिनं ती ताठ राहू दिली. आज मान खाली घालायचं काही कारण नव्हतं. रस्त्याच्या कडेनं जत्रेला चाललेली माणसं थांबून बघत होती, बायका तिच्याकडे बोट दाखवून एकमेकींना काही सांगत होत्या. वळण संपलं. रस्ता चढला. खांब आला, आणि खांबाच्या मागे सुळका, सकाळच्या उन्हात, शेंड्यावर नवं निशाण फडकत होतं. हात उठू बघत होते. मनगटांपर्यंत आले होते. मागे ढोल, कोणी तरी देवीच्या नावानं आरोळी ठोकली, हिरव्याचा पिवळा झाला, आणि मागचे सगळे हॉर्न वाजवू लागले, निघ, निघ, निघून जाईल. सुकीनं ब्रेकवर पाय ठेवला, हलकेच, नारळ जागचा हलू नये इतका हलकेच. पिवळ्याचा लाल झाला. पांढरा पट्टा बॉनेटच्या पुढे, आख्खाच्या आख्खा दिसत होता. तिनं हॅंडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला टाकली, आणि मग, सगळं झाल्यावर, दोन्ही हात उचलून कपाळाला लावले. डोळे मिटले. मागे सगळी ओळ थांबली होती. हॉर्न एकेक करून बंद झाले, आणि तिला माहीत होतं की मागच्या प्रत्येक काचेआड हात जोडले गेलेत.

डोळे मिटलेले असतानाच तिला जाणवलं की काहीतरी झालं नाही. काहीतरी राहून गेलं. ब्रेक मारला तेव्हा पत्र्यावर धप्प झालं नव्हतं. तिनं डोळे उघडून शेजारी बघितलं. लक्ष्याचे हात जोडलेले होते, तोंड सुळक्याकडे, जो त्याला दिसत नव्हता. चपला खाली पडल्या होत्या. आणि तो सीटवर मांडी घालून बसला होता, पॅसेंजर बसतात तसा, दोन्ही पाय वर घेऊन.

"हिरवा झाला काय?" त्यानं विचारलं.

"नाय अजून."

"मंग घाई नाय," तो म्हणाला, आणि मांडी जरा सैल करून मागे टेकला.